टिकटिकीतून उमटलेली संहिता

२००५च्या सुरुवातीला एका जर्मन विद्यार्थ्याने आयपॉडकडून त्याचे गुपित टिकटिकीत वदवून घेतले. चौथ्या पिढीचा हा आयपॉड आदल्या वर्षीच बाजारात आला होता. आधीच्या आयपॉडांवर लिनक्स चालू लागले होते. या नव्यावर मात्र पडदा कसा उजळायचा, डिस्क कशी वाचायची, हे बाहेरच्यांना ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते चिपमधल्या फर्मवेअरला, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणाऱ्या मूळ आज्ञावलीला. बाहेरून घातलेला छोटा प्रोग्रॅम यंत्रात चालत होता, पण बोलायला त्याला तोंड नव्हते. चक्रावर बोट फिरवताना ‘टिक’ असा आवाज करणारा पिझो तेवढा त्याला वाजवता येई. मग चिपमधला एकेक बिट टिकटिकीत वाजवला गेला, ध्वनिमुद्रित झाला आणि संगणकावर त्या आवाजातून मूळ मजकूर पुन्हा जुळवला गेला.

या घटनेची वाखाणणी नेहमी एक अफलातून युक्ती म्हणून होते. मला ती अपुरी वाटते. युक्ती एका रात्रीत सुचते. हाती आलेला मजकूर खरा आहे हे ठरवायला शिस्त लागते. फर्मवेअर काढणे हे माझ्या मते कुलूप फोडण्यापेक्षा पाठचिकित्सेच्या जवळचे काम आहे.

हे मला माझ्याच टेबलावर कळले. एका स्वस्त, बिनानावाच्या एमपी३ प्लेअरमधली आठ पायांची फ्लॅश चिप मी चिमट्यासारखी क्लिप लावून वाचली. दोन मेगाबाइटांची फाइल मिळाली. मेनूतले शब्द त्यात स्वच्छ दिसत होते, शेवटी रिकाम्या जागेची एफएफ-एफएफ अशी लांबलचक रांग होती. मी खूश झालो. सहज पुन्हा वाचली, तर दुसरी फाइल पहिलीशी जुळेना. तिसरी दोन्हींशी जुळेना. चिपला मी दिलेली वीज पाटीवरून प्रोसेसरपर्यंत पोचत होती. तोही जागा होऊन त्याच तारांवर बोलत होता. चिप पाटीवरून सोडवून वाचली तेव्हा कुठे लागोपाठ तीन फाइली अक्षरशः एक आल्या. शब्द ‘दिसतात’ म्हणून पहिलीच प्रत मी जपून ठेवली असती, तर एक भ्रष्ट पाठ खरा म्हणून पुढे गेला असता.

भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली ती अनेक हस्तलिखिते ताडून. पण ही तुलना फार ताणू नये. हस्तलिखितातल्या पाठभेदाला इतिहास असतो. एकाच चिपच्या दोन वाचनांतल्या भेदाला बहुधा सैल क्लिपपलीकडे अर्थ नसतो.

शिवाय नुसते वाचून भागतेच असे नाही. २००६च्या दुसऱ्या पिढीच्या नॅनोपासून फर्मवेअर कूटबद्ध होऊ लागले. चिप सोडवून वाचली तरी हाती येते ते न उलगडणारे कोडे. किल्ली यंत्राच्या प्रोसेसरपाशी. म्हणून अभ्यासकांनी ‘नोट्स’ वाचून दाखवणाऱ्या भागातली चूक हेरली. टिपणातल्या दुव्यात अवाजवी लांब नाव घातले की यंत्र गडबडे आणि बाहेरची आज्ञा चालवी. पुढे कूट उलगडले ते यंत्राच्याच हातून. टिकटिकीचा धडा इथेही तोच: यंत्रालाच स्वतःचे वाचक करावे लागते.

हा खटाटोप कशासाठी? माझ्यापुरते उत्तर रॉकबॉक्स हे आहे. २००१च्या अखेरीस काही स्वीडिश प्रोग्रॅमरांनी आर्कोसच्या प्लेअरसाठी सुरू केलेले हे मुक्त फर्मवेअर. पुढे ते आयपॉडवर आले, तेव्हा लिनक्सवाल्यांनी जमवलेली माहिती कामी आली. रॉकबॉक्स मेनू बोलून दाखवते, त्यामुळे अंध श्रोत्याला कोणाच्या मदतीशिवाय गाणे निवडता येते. नॅनोत बोलणारा मेनू आला २००८ साली. रॉकबॉक्समध्ये तो त्याआधीच होता. कंपनीने जे दिले नव्हते, ते वाचणाऱ्यांनी दिले. आपला १९५७चा कॉपीराइट कायदाही, कलम ५२मध्ये, स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यापुरती आणि अन्यत्र सहज न मिळणारी माहिती मिळवण्याची मुभा कायदेशीर धारकाला देतो.

माझी तक्रार आहे ती संग्राहकांशी. फर्मवेअरच्या फाइली गोळा करून ठेवणारे पुष्कळ. पण चिप कोणती, पाटीवर वाचली की सोडवून, किती वेळा वाचली, वाचने जुळली का, हे लिहून ठेवणारे थोडे. अशी फाइल म्हणजे काळ-वेळ, लेखक, स्थळ यांपैकी काहीच नसलेली पोथी.

आणि वेळ फार उरलेला नाही. अशा चिपच्या माहितीपत्रकात मजकूर टिकण्याची मुदत सर्रास वीस वर्षांची सांगितलेली असते. त्या टिकटिकीलाही आता वीस वर्षे उलटली आहेत. कपाटातले जुने प्लेअर भंगारात देण्याआधी कोणीतरी ते वाचावेत. आणि एकदा नव्हे, तीनदा.