आखलेल्या गावाचे संग्रहालय

गाव वसते, गाव वाढते, असे आपण म्हणतो. हॉलंडमधील नागेले हे गाव मात्र आधी कागदावर जन्मले. बांध घालून, पाणी उपसून १९४२ मध्ये तेथे सुमारे ४८,००० हेक्टर जमीन कोरडी करण्यात आली. जिच्यावर कुणाच्या आजोबांचे घर नव्हते, अशा त्या जमिनीवर गावे उभारायची होती.

शेजारच्या गावांना उतरती कौलारू छपरे मिळाली. नागेले मात्र १९४७-४८ पासून आधुनिक वास्तुकारांच्या एका मंडळीने आखायला घेतले. रीटफेल्ड आणि आल्डो व्हान आयक त्यांतलेच. त्यांनी घरांची छपरे सपाट केली, वारा अडवायला गावाभोवती झाडांचे कुंपण घातले आणि मध्यभागी विस्तीर्ण हिरवळ राखली. घरे होती ती बहुतांशी शेतमजुरांसाठी!

ही हकीगत सांगणाऱ्या छोट्याशा संग्रहालयाने आपला संसार मांडला तो गावातल्याच, प्रार्थना थांबलेल्या कॅथॉलिक चर्चमध्ये. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. इतर संग्रहालयांत वस्तू मूळ जागेवरून उचलून कपाटात ठेवलेल्या असतात. येथे नकाशा पाहावा आणि दाराबाहेर पडून तो खरा ठरला की नाही, ते ताडून घ्यावे.

आणि येथेच खरी परीक्षा सुरू होते. व्हान आयकने गावासाठी तीन शाळा बांधल्या. वर्गाला नुसते दार देऊन त्याचे समाधान होत नसे. बाहेर आणि आत यांच्यामध्ये मुलाने घटकाभर रेंगाळावे असा उंबरठा त्याला हवा असे. वर्गाच्या दाराशी घुटमळणारी मुले आयुष्यभर पाहिलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हे मनोमन पटते. पण एवढ्याशा गावात शाळा तीन का? कारण पंथांप्रमाणे मुलेही वाटलेली होती. चर्चेही तीनच. हिरवळ तेवढी एक! माणसांनी पाडलेले भाग वास्तुकाराला पुसता आले नाहीत; ते एका हिरवळीभोवती बसवणे एवढेच त्याच्या हाती होते.

पुढे शेतावर यंत्रे आली, मजुरांची गरज घटली, आणि ज्यांच्यासाठी गाव आखले त्यांचे जगणेच पालटले.

म्हणून अशा संग्रहालयाकडून माझे मागणे एकच. थोरांची रेखाटने त्याने अवश्य जपावीत. पण त्या सपाट छपराखाली पहिला पावसाळा काढणाऱ्या गृहिणीचे म्हणणेही शेजारी लावावे. आराखडा हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर राहणारी माणसे देतात, आणि ते द्यायला त्यांना पिढ्या लागतात.