स्वर्गपक्ष्याचे पाय

जगातील सर्वांत सुंदर पक्षी कोणता, हा प्रश्न मुलांच्या स्पर्धांत विचारला जातो आणि कॅलेंडरे छापणारे आपापल्या परीने त्याचे उत्तर दरवर्षी देत असतात. मोर येतो, मकाव येतो आणि कधी पहिला तर कधी तिसरा, पण स्वर्गपक्षी त्या यादीत असतोच. इंग्रजीत ज्याला 'बर्ड ऑफ पॅरडाइज' म्हणतात तो हा पक्षी. न्यू गिनी हे विशाल बेट, त्याच्या भोवतालची लहानमोठी बेटे आणि पूर्व ऑस्ट्रेलियाची काही अरण्ये एवढेच त्याचे जग. तेवढ्यात त्याच्या चाळीसच्या आसपास जाती नांदतात. (आपल्याकडील झाडीत पांढरी लांबलचक शेपटी मिरवीत जाणारा स्वर्गीय नर्तक निराळ्या कुळातला, नावातल्या स्वर्गापलीकडे दोघांची सोयरीक नाही.)

आमची आणि या पक्ष्याची ओळख सेमिनरीत असताना एका जुन्या प्रवचनसंग्रहातून झाली. त्यात दृष्टांत असा होता : या पक्ष्याला पाय नसतात. तो आकाशातच जन्मभर राहतो, दवबिंदूंवर जगतो, सूर्याकडे तोंड करून उडतो आणि मरतो तेव्हाच काय तो धरणीवर पडतो. भक्ताचा आत्मा असा असावा, हे तात्पर्य. दृष्टांत आम्हांला इतका आवडला, की पुढे एका व्रतग्रहणाच्या सोहळ्यात आम्ही तो आपल्या प्रवचनात रंगवून सांगितला. ऐकणाऱ्यांनाही तो आवडला. वर्षे लोटली आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचा 'द मले आर्किपेलागो' हा 1869 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आमच्या हाती आला. त्यातील अडतिसावे प्रकरण वाचताना कळले, की पाय नव्हते असे नाही. ते कापले होते.

न्यू गिनीकडील शिकारी पक्ष्याची कातडी पिसाऱ्यासकट सोलीत, पाय छाटून टाकीत, पुष्कळदा पंखही काढीत आणि मग ती धुरावर वाळवीत. पिसांच्या व्यापाराला पायांचा उपयोग काय? मॅगेलनच्या सफरीतून उरलेले एकुलते जहाज 1522 च्या सप्टेंबरात स्पेनला परतले, तेव्हा मसाल्याच्या बेटांतील बाचानच्या राजाने स्पेनच्या राजासाठी दिलेली अशी कातडी त्यावर होती. गंमत अशी, की त्या जहाजावरील इटालियन प्रवासी पिगाफेट्टा याने या पक्ष्याला लेखणीसारखे बारीक पाय असतात असे स्पष्ट नोंदवून ठेवले. पंख नसतात असेही त्याने लिहिले. ती त्याची चूक. पण पायांच्या बाबतीत त्याचे खरे होते आणि युरोपातील विद्वानांनी ते मानले नाही. त्यांना पाय नसलेलाच पक्षी हवा होता.

यात गोव्याचाही थोडा वाटा आहे. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 साली गोव्यात आला आणि तेथील आर्चबिशप व्हिसेंते दा फोन्सेका यांच्या पदरी लेखनिक म्हणून राहिला. पूर्वेच्या व्यापाराची खडान्‌खडा माहिती गोळा करून 1596 साली त्याने आपला प्रवासग्रंथ हॉलंडमध्ये छापला. त्यातही हा पक्षी कोणी जिवंत पाहिलेला नाही, तो सदैव हवेतच असतो, त्याला ना पाय ना पंख, असा मजकूर आहे आणि पुरावा म्हणून भारतात येणाऱ्या त्या वाळक्या कातड्यांकडेच त्याने बोट दाखविले आहे. पुढे 1758 साली लिनियसने प्राणिमात्रांची शास्त्रीय नावे ठरविताना या कुळातील मोठ्या जातीला 'पॅराडिसिया अपोडा' म्हटले. अपोडा म्हणजे पाय नसलेला. ते नाव आजही बदललेले नाही. मलय व्यापारी मात्र त्याला 'मानुक देवाता' म्हणत; त्यातला देवाता हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

ही सारी हकीकत वॉलेस चार-पाच परिच्छेदांत संपवितो आणि जिवंत पक्ष्याकडे वळतो. त्याच्या लेखनाचा मोठा गुण हाच, की ऐकीव गोष्टींत तो रमत नाही. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला हा माणूस 1854 ते 1862 अशी आठ वर्षे मलाया, बोर्निओ, सेलेबीस, मोलुक्का आणि न्यू गिनी या टापूत हिंडला, चौदा हजार मैलांचा प्रवास केला आणि 1,25,660 नमुने गोळा करून परतला. त्यांतले पक्षीच आठ हजारांवर! नमुने विकून त्याचा निर्वाह चाले, हे वाचकाने विसरू नये. तोही ते लपवीत नाही. स्वर्गपक्ष्यांच्या शोधात त्याने पाच सफरी केल्या आणि न्यू गिनीच्या टापूत तेव्हा ठाऊक असलेल्या चौदा जातींपैकी पाचच त्याच्या हाती लागल्या, हेही तो जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाच्या कोरडेपणाने सांगतो. हा कोरडेपणा आम्हांला पुष्कळ काव्यमय वर्णनांहून अधिक विश्वासार्ह वाटतो. आधी तो पक्ष्याची लांबी इंचांत देतो, मग चोचीचा रंग, मग पायांचा (होय, पायांचा!) आणि एवढे झाल्यावर, जणू नाइलाज झाल्यासारखा, आनंद व्यक्त करतो.

ग्रंथाचे शिखर एकतिसाव्या प्रकरणात आहे. 1857 साली न्यू गिनीच्या नैर्ऋत्येस असलेल्या आरू बेटांवर वॉलेस एका झोपडीत मुक्कामाला असताना त्याचा पोरसवदा नोकर एक पक्षी मारून आणतो. हा राजस्वर्गपक्षी. आकाराने लहानसाच, अंग तकतकीत शेंदरी लाल, पोट पांढरेशुभ्र, छातीवर हिरवा पट्टा, दोन्ही कुशींत टोकाला पाचूसारखी हिरवी झालेली पिसांची पंख्यासारखी झुबके आणि शेपटीतून निघालेल्या दोन तारा, ज्यांच्या टोकांशी पिसाची गुंडाळी होऊन हिरव्या नाण्यासारखी चकती बनलेली. तो हातात घेऊन वॉलेस जे चिंतन करतो ते या ग्रंथाचे सर्वांत प्रसिद्ध पान आहे. त्याचा आशय असा : युगानुयुगे हे पक्षी या अंधाऱ्या रानात जन्मले, जगले, मेले आणि त्यांचे लावण्य पाहायला बुद्धिमान डोळा तेथे नव्हता, हे सौंदर्य वाया गेल्यासारखे वाटते. उलट सुधारलेला माणूस येथे पोहोचला, तर ज्या सौंदर्याची पारख त्यालाच आहे तेच तो नाहीसे करील. म्हणून, सारे सजीव माणसासाठी निर्माण झाले नाहीत, हे यावरून कळावे.

निष्कर्ष थोर आहे. रूढ ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर गेलेल्या माणसाने तो काढावा याचे आम्हांला नवल वाटले आणि थोडी लाजही वाटली. कारण पक्षी पाचव्या दिवशी झाले आणि माणूस यायच्या आधीच ते देवाच्या दृष्टीला चांगले दिसले, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे आणि ते आम्ही किती वेळा वाचले असेल! परंतु निष्कर्षापर्यंत पोहोचण्याची वॉलेसची वाट आम्हांला मान्य नाही. त्या रानात बुद्धिमान डोळा नव्हता, असे तो म्हणतो. मग आरूचे रहिवासी कोण होते? त्याच पानावर तो सांगतो, की आपला आनंद पाहून त्यांना मौज वाटली. त्यांच्या लेखी तो 'बुरोंग राजा' म्हणजे इंग्रजांच्या परसातल्या रॉबिनइतकाच नित्याचा होता. नित्याच्या वस्तूचे माणूस कौतुक करीत नाही, म्हणून त्याला डोळा नाही असे थोडेच ठरते? उद्या आरूचा कोणी आपल्या शेतात येऊन खंड्याच्या निळाईवर खिळून राहिला, तर आपण हसणारच.

याहून मोठी चूक दुसरी आहे. त्या रानात आणखी एक डोळा होता : मादीचा. स्वर्गपक्ष्याच्या बहुतेक जातींत सारा थाट नराचा; मादी मातकट तपकिरी रंगाची. मोठ्या स्वर्गपक्ष्याचे दहा-वीस नर एका उंच झाडावर जमून पंख उभारतात, पिसारा कारंजासारखा उधळतात आणि थरथरत नाचतात. या नाचाचे वर्णन वॉलेसने फार चांगले केले आहे. पण हे चालले आहे कोणासाठी, हा प्रश्न त्या वर्णनात तो रेंगाळू देत नाही. डार्विनने 1871 साली उत्तर दिले : माद्या पाहतात, निवडतात आणि त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून हा पिसारा घडला. ज्या डार्विनला वॉलेसने हा ग्रंथ अर्पण केला, त्याचेच हे म्हणणे त्याला पटले नाही. 1889 च्या 'डार्विनिझम' या पुस्तकात मादीच्या पसंतीचे कारण नाकारून नराच्या अंगातील जोमाला तो श्रेय देतो. पाखराच्या मादीला रुची असू शकते, हे मानणे त्याला जड गेले. आरूच्या त्या पानावर जे राहून गेले तेच येथे सिद्धान्त होऊन बसले, असे आमचे मत आहे.

पुढच्या संशोधनाने कौल डार्विनच्या बाजूने दिला. टिम लेमन आणि एडविन स्कोल्स या दोघा अमेरिकनांनी आठ वर्षांत अठरा मोहिमा करून त्या वेळी मानल्या जाणाऱ्या सर्व म्हणजे एकोणचाळीस जातींची छायाचित्रे घेतली. त्यांचे पुस्तक 2012 साली निघाले. त्यांनी एक साधी युक्ती केली : मादी जेथे बसते तेथून, म्हणजे वरच्या फांदीवरून, नराचा नाच टिपला. खालून पाहणाऱ्या माणसाला जो पिसांचा झगा दिसे तो वरून काळ्याभोर तबकडीसारखा दिसला. काही जातींचे काळे पीस तर पडलेल्या प्रकाशापैकी 99.95 टक्क्यांपर्यंत प्रकाश गिळून टाकते, असे 2018 साली प्रसिद्ध झाले. त्या काळोखामुळे शेजारचा निळा रंग पेटल्यासारखा भासतो. हे सारे त्या एका तपकिरी पाखराने पाहावे म्हणून.

वॉलेसच्या लेखनातले आणखी एक स्थळ आम्हांला अस्वस्थ करते. आरूचे शिकारी नाचाच्या झाडावर पानांचा आडोसा करून पहाटेपूर्वी बसत आणि बोथट टोकाचा बाण मारीत. बाणाच्या टोकाला चहाच्या कपाएवढी लाकडी टोपी असे, म्हणजे पक्षी आघाताने मरावा आणि पिसाऱ्याला रक्ताचा डाग लागू नये. नाचात दंग झालेले इतर नर पुष्कळ पडेपर्यंत सावधही होत नसत. हे वॉलेस तपशीलवार सांगतो आणि पुढे जातो. निषेध नाही, खंतही नाही. त्याची स्वतःची बंदूक बाजूलाच होती, तेव्हा निषेध करता तर तो दांभिकपणा झाला असता, हे खरे. तरीही सौंदर्य नाहीसे होण्याचे भाकीत करणारा लेखक आणि हे सांगणारा लेखक एकच आहे, याची जाणीव लेखनात कोठे तरी उमटायला हवी होती. भाकीत तर जवळजवळ खरे ठरले. युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांसाठी या पिसाऱ्यांचा इतका उपसा झाला, की 1913 साली अमेरिकेला आणि 1921 साली ब्रिटनला रानपक्ष्यांच्या पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा करावा लागला.

ग्रंथ जाडजूड आहे. फुलपाखरे आणि भुंगेरे यांची प्रकरणे सामान्य वाचकाने चाळून सोडली तरी चालेल. शेवटच्या प्रकरणातील मानववंशांची वर्गवारी आज टिकण्यासारखी नाही; पण त्याच प्रकरणाच्या अखेरीस आपल्याच इंग्रज समाजाच्या संपत्तीवर आणि दारिद्र्यावर त्याने जे कोरडे ओढले आहेत ते मात्र सोडू नयेत. आमच्या कुटुंबांतील तरुण वाचकांना आम्ही सुचवू, की आरूची प्रकरणे आधी वाचावी आणि मग अडतिसावे. त्यात एक पान मुंबईचेही आहे. 1862 साली परतताना वॉलेसने सिंगापूरला शंभर पौंड मोजून दोन जिवंत स्वर्गपक्षी विकत घेतले आणि वाटेत मुंबईस आठवडाभर थांबला. एक कारण विश्रांतीचे, दुसरे पाखरांसाठी ताजी केळी भरून घेण्याचे. वसईच्या वाडीवाल्यांना हे वाचून बरे वाटेल. केळ्यांची सोय झाली, पण पाखरांना किडेही लागत आणि आगबोटीवर झुरळे दुर्मिळ. तेव्हा हा नामांकित शास्त्रज्ञ रोज रात्री तासभर बोटीच्या पुढल्या भागात झुरळे धरीत फिरे. माल्टाला एका पाववाल्याच्या भट्टीत ती मुबलक मिळाली आणि बिस्किटांचे डबे भरून त्याने ती बरोबर घेतली. दोन्ही पाखरे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुखरूप पोहोचली. एक वर्षभर जगले, दुसरे दोन वर्षे, आणि बघ्यांसमोर ती आपला पिसारा उभारीत असत, दांडीवर पाय रोवून.