पेपरमधला ‘लाइफटाइम’ जसाच्या तसा घेऊ नका

सिंटिलेटरवरचा पेपर उघडला की ॲब्स्ट्रॅक्टमध्ये एक आकडा हमखास भेटतो: प्रकाश इतक्या पिकोसेकंदांत विझतो. हा आकडा महत्त्वाचा आहेच. पेट स्कॅनमध्ये दोन गॅमा किरण पोचण्याच्या वेळांतला फरक मोजताना 100 पिकोसेकंदांची चूक झाली, तर उगमाची जागा दीड सेंटिमीटरने चुकते. पण नुसता आकडा वाचून पुढे जाऊ नका. माझ्या मते तीन गोष्टी न सांगणारा पेपर अर्धवट आहे.

पहिली, कोणता प्रकाश मोजला? बेरियम फ्लोराइड घ्या. त्याचा वेगवान प्रकाश 220 नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि एका नॅनोसेकंदाच्या आत विझतो; संथ प्रकाश 310 नॅनोमीटरच्या आसपास, सुमारे 600 नॅनोसेकंदांचा. वेगवान प्रकाशासाठी बेरियमच्या आतल्या पातळीतून इलेक्ट्रॉन काढावा लागतो. त्याला साधारण 18 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणून एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट पल्स. फिल्टर न लावता दोन्ही प्रकाश एकत्र मोजले, तर त्यांच्या ‘सरासरी’ला काही अर्थ उरत नाही.

दुसरी, डिटेक्टर किती चपळ? पल्स फेम्टोसेकंदांची असली तरी फोटोमल्टिप्लायरचा स्वतःचा प्रतिसाद शेकडो पिकोसेकंदांचा असू शकतो. स्ट्रीक कॅमेरा पिकोसेकंदांपर्यंत जातो, पण त्याचाही प्रतिसाद वेगळा मोजून आलेखाशेजारी छापायला हवा. ‘डीकॉन्व्होल्यूशन केलं’ एवढ्या वाक्यावर विश्वास कसा ठेवायचा?

तिसरी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी: पल्स किती तीव्र होती? हे किरण पृष्ठभागाजवळच्या पातळ थरातच शोषले जातात, त्यामुळे तिथे एक्सिटॉनची गर्दी होते. ते एकमेकांना प्रकाश न देताच विझवतात. किर्म आणि सहकाऱ्यांचा कॅडमियम टंगस्टेटवरचा 2009 चा पेपर मला इथेच आवडतो. त्यांनी उत्तेजनाची घनता बदलत नेली आणि ती वाढल्यावर डिके साधा एक्स्पोनेन्शियल राहत नाही हे दाखवलं. एकाच तीव्रतेवर मोजलं असतं, तर ‘पदार्थ वेगवान आहे’ असा चुकीचा निष्कर्ष सहज निघाला असता. प्रत्यक्षात तो वेग म्हणजे वाया गेलेला प्रकाश.

जर्नल क्लबमध्ये पुढचा पेपर मांडाल तेव्हा आधी हे तीन तपशील शोधा. मुख्य मजकुरात नसतील तर सप्लिमेंटरी फाइल उघडा. तिथेही नसतील, तर तो आकडा तुमच्या तुलनेच्या तक्त्यात घालू नका.