रोमन तटावरील ठाणीं आणि त्यांचें हस्तपुस्तक

ब्रिटनच्या उत्तर भागांत, टाइन नदीवरील वॉल्सेंडपासून सॉल्वेच्या खाडीवरील बोनेसपर्यंत, बादशहा हेड्रियन यानें इ. स. १२२ च्या सुमारास बांधावयास घेतलेला तट सुमारें ७३ इंग्रजी, म्हणजे रोमन मापानें ८० मैल लांब आहे. या तटाची वाट दाखविणारें जॉन कॉलिंगवुड ब्रूस याचें हस्तपुस्तक प्रथम १८६३ सालीं निघालें. ब्रूस १८९२ त वारला. पुढें निरनिराळ्या संपादकांनीं तें सुधारीत नेलें, व डेव्हिड ब्रीझ यांनीं सिद्ध केलेली चौदावी आवृत्ति २००६ सालीं प्रसिद्ध झाली. वाटाड्याच्या पुस्तकाची परीक्षा संशोधकांच्या त्रैमासिकांत कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, एका शास्त्राचीं ठाम मतें आवृत्तीगणिक कशीं ढासळलीं व त्यांच्या जागीं दुसरीं कशीं उभीं राहिलीं, हें एकाच ग्रंथाच्या पोटांत पाहावयास मिळण्याचा योग फार विरळा आहे.

हें पुस्तक हातीं घेऊन आम्ही चेस्टर्सपासून बर्डोस्वाल्डपर्यंतचा टापू पाहिला. दगडाचें वाचन कसें करावें हें शिकविण्यांत पुस्तकाचा हात कोणी धरणार नाहीं. मूळ योजनेंत तटावर मोठीं ठाणीं नव्हतींच. दर रोमन मैलास एक लहान गढी व दोन गढ्यांच्या दरम्यान दोन बुरूज एवढाच बेत होता. तो बेत काम चालू असतांनाच बदलला. चेस्टर्स येथें घोडदळाचें ठाणें तटावर आडवें बसविलें आहे. त्याचे तीन मोठे दरवाजे तटाच्या उत्तरेस उघडतात, आणि त्याच्या पोटांत पूर्वीं बांधलेला बुरूज व बुजविलेला खंदक सांपडला. हाउसस्टेड्स येथें तर मोडलेल्या बुरुजाचा पाया ठाण्याच्या आंत उघडाच दिसतो. तटाचा पाया १० फूट रुंदीचा घातला, आणि त्यावर भिंत मात्र पुष्कळ ठिकाणीं ८ फूट किंवा त्याहूनही अरुंद चढविली. खोडलेल्या ओळीवर दुसरी ओळ लिहिलेली पोथी ज्यानें हाताळली आहे त्यास हा प्रकार समजावून सांगावयास नको.

आतां तट बांधला कोणीं? हा प्रश्न आज कोणी विचारीत नाहीं. पण तो सुटण्यास शेंकडों वर्षें लागलीं. सहाव्या शतकांतला गिल्डस म्हणतो, रोमन लोक निघून गेल्यावर हा तट झाला. आठव्या शतकांतल्या बीडनें मातीचा बांध सेव्हेरस बादशहाच्या नांवावर घातला व दगडी तट रोमन अमलाच्या अखेरीस लोटला. हा बीड जॅरो येथील मठांत, तटाच्या पूर्व टोंकाजवळ, राहत असे. तटाची रुंदी ८ फूट व उंची १२ फूट असल्याचें तो नमूद करतो. म्हणजे वस्तु डोळ्यांसमोर, आणि कर्ता मात्र ऐकीव! हेड्रियनच्या चरित्रांत ८० मैलांच्या तटाचा उल्लेख होता, पण त्याच चरित्रमालेंत सेव्हेरसनेंही तट बांधल्याचें लिहिलें असल्यामुळें विद्वान् सेव्हेरसलाच धरून बसले. १८४० सालीं रेव्हरंड जॉन हॉजसन यानें हेड्रियनचा पक्ष सप्रमाण मांडला. हॉटबँक येथील मैलगढीच्या शिलालेखांत हेड्रियनचें नांव, दुसरी ऑगस्टा पलटण आणि सुभेदार प्लॅटोरियस नेपोस हीं तिन्ही स्पष्ट आहेत. दगड बोलत होता, पण बखर अधिक गोड वाटत होती, ही तक्रार आपल्याकडेही अपरिचित नाहीं.

पोथ्यांच्या संग्राहकांस याहूनही अधिक रस वाटेल तो बर्डोस्वाल्डच्या नांवाच्या प्रकरणांत. ‘नोटिशिया डिग्निटाटम्’ या उत्तरकालीन रोमन दफ्तरी यादींत तटावरील ठाणीं व तेथील पलटणी पूर्वेकडून क्रमानें दिल्या आहेत. तींत ‘डेशियन लोकांची पहिली एलिया पलटण’ अँबोग्लन्ना येथें असल्याचें लिहिलें आहे. या पलटणीचे शिलालेख बर्डोस्वाल्डला सांपडतात. तेव्हां बर्डोस्वाल्ड म्हणजेच अँबोग्लन्ना, असा निकाल लागला, आणि हस्तपुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत तेंच नांव ठळकपणें छापिलें जाऊं लागलें. निकाल दिसावयास बिनतोड होता. परंतु यादींतील मॅग्ना (कार्व्होरन) व पेट्रियाना (स्टॅनविक्स) या दोहोंच्या दरम्यान जमिनीवर बर्डोस्वाल्ड आणि कॅसलस्टेड्स अशीं दोन ठाणीं आहेत, आणि यादींत नांव एकच! उलट, १७२५ सालीं विल्टशरमध्यें सांपडलेल्या रज पेल्यावर पश्चिमेकडून नांवें कोरलीं आहेत. त्यांत उक्सेलोडमनंतर कँबोग्लन्ना व तिच्यानंतर बान्ना येते. शिवाय बर्डोस्वाल्ड येथील एका वेदीवर ‘बान्ना येथील शिकारी’ असा अर्पण करणारांचा उल्लेख आहे. हा पुरावा असतांही बान्नेस दुसरीकडे जागा शोधण्याचा खटाटोप बराच काळ चालला.

१९७६ सालीं मार्क हॅसल यांनीं उलगडा केला तो असा: नकलकाराची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरली. एलिया पलटणीपुढें ‘बान्ना’ हें स्थान, व पुढच्या ओळींत टंग्रियन लोकांची दुसरी पलटण आणि तिचें स्थान कँबोग्लन्ना, असा मूळ पाठ असावा. पहिल्या ओळीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ गळून डेशियन पलटण भलत्याच ठाण्यास चिकटली. टंग्रियनांच्या या पलटणीचे शिलालेख कॅसलस्टेड्सलाच मिळतात, म्हणजे पाठशुद्धीस जमिनीचा आधारही आहे. नोटिशियाच्या उपलब्ध प्रती स्पायर येथील एकाच पोथीवरून उतरल्या आहेत, व ती पोथी नष्ट झाली आहे. प्रती कितीही असल्या तरी साक्षीदार एकच, हें येथें विसरलें गेलें. बर्डोस्वाल्डला बान्ना म्हणणें आज सर्वमान्य आहे. परंतु चुकीचें नांव पिढ्यान् पिढ्या कां टिकलें, याचा झाडा हस्तपुस्तकानें जितका द्यावयास पाहिजे तितका दिला आहे असें आम्हांस वाटत नाहीं. वाचकास निकाल मिळतो. खटल्याचे कागद मिळत नाहींत.

याहून गंभीर दोष तटाच्या कालविभागांचा. १९२९ सालीं बर्डोस्वाल्डच्या उत्खननांत फरशीसाठीं वापरलेल्या दोन शिला मिळाल्या. एकीवर सेव्हेरसच्या कारकीर्दींत, अल्फेनस सेनेशियो सुभेदार असतांना, धान्याचें कोठार बांधल्याचें आहे. दुसरीवर डायोक्लीशनच्या काळांत सेनानायकाचा वाडा वगैरे पुन्हा उभारल्याचें आहे. यांवरून व थरांवरून तटाचे चार काल ठरविले गेले, आणि त्यांच्या सीमा १९७, २९६ व ३६७ या वर्षांवर बसविल्या. प्रत्येक सीमेवर शत्रूनें तट उद्ध्वस्त केला असें धरलें गेलें; जेथें राख दिसली तेथें यांपैकीं एक वर्ष लिहिलें गेलें. आर. जी. कॉलिंगवुड, एरिक बर्ली, इयन रिचमंड यांच्यासारखे थोर संशोधक या मांडणीचे पुरस्कर्ते होते, व त्यांच्या कष्टांविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु दुसऱ्या शिलेचा मजकूर काय सांगतो? वाडा मातीखालीं गेला होता व मोडकळीस आला होता, एवढेंच. शत्रूचें नांवही नाहीं. त्यावर, पराभव झांकण्यासाठीं अशी सौम्य भाषा वापरीत, असें समाधान केलें गेलें. शिलालेख जें म्हणत नाहीं तें त्याच्या मौनांतून काढावयाचें, आणि म्हणतो तें बाजूस सारावयाचें, ही रीत आम्हांस मान्य नाहीं.

ग्रंथांची साक्षही या मांडणीस अनुकूल नव्हती. शत्रूनें तट ओलांडून एका सेनापतीस कापून काढल्याचें डिओ कॅशियस लिहितो तें कमोडसच्या कारकीर्दीच्या आरंभाचें, म्हणजे १८० नंतरच्या थोड्याच वर्षांतलें. १९७ त क्लोडियस अल्बायनस गॉलमध्यें पडला हें खरें. पण त्याच्या गैरहजेरींत तट जमीनदोस्त झाल्याचें कोणीच सांगत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत ही इमारत उतरली. निरनिराळ्या ठाण्यांतील जळके थर एकाच वर्षाचे नाहींत, आणि कित्येक तर जुनें पाडून नवें बांधतांनाचे आहेत, हें दिसून आलें. ब्रीझ यांनीं जुनी चौकट टाकून दिली, याबद्दल ते अभिनंदनास पात्र आहेत.

जॉन क्लेटन (१७९२-१८९०) याच्याविषयीं मात्र आमचें मन द्विधा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास लष्करी रस्त्याखालीं तटाचे मैलच्या मैल गडप झाले. १८०१ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, पायीं तट पाहावयास आलेल्या विल्यम हटनच्या डोळ्यांदेखत एक जमीनदार घर बांधण्यासाठीं तटाचे दगड काढीत होता. अशा काळांत क्लेटननें ठाण्यांच्या जमिनीच विकत घेतल्या, हें त्याचें ऋण फेडतां येणार नाहीं. पण पडलेले दगड चुन्याशिवाय रचून, वर हिरवळ बसवून त्यानें जो तट उभा केला, त्यालाच लोक रोमन तट समजून छायाचित्रें घेतात. रोमनांचा हात कोठें संपतो व क्लेटनच्या मजुरांचा कोठें सुरू होतो, हें दर टप्प्याला नकाशावर निराळ्या रेषेनें दाखवावें अशी आमची सूचना आहे. कॅरोबर्ग येथें १८७६ त कॉव्हेंटिना देवीच्या विहिरींतून तेरा हजारांहून अधिक नाणीं निघालीं. कांहीं हौशी मंडळींनीं पळविलीं तीं वेगळींच. त्या काळच्या खोदकामांत कोणती वस्तु कोणत्या थरांत होती याची नोंद बहुधा नाहीं.

शेवटीं व्हिंडोलंडा. तटाच्या दक्षिणेस सुमारें एका मैलावर असलेल्या या ठाण्यांत १९७३ सालीं रॉबिन बर्ली यांस ओल्या, हवाबंद थरांतून शाईनें लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या मिळाल्या. बाहेरच्या हवेंत अक्षरें विझलीं, तीं अवरक्त किरणांच्या छायाचित्रांत पुन्हा दिसलीं. अलन बोमन व डेव्हिड थॉमस यांनीं ही भरभर लिहिलेली लपेटीची लिपि उलगडली. मोडीशीं झुंजलेल्यांस त्यांचे श्रम कळतील. यांतील एक पट्टी प्रत्येक ठाण्याच्या वर्णनाशेजारीं ठेवून वाचावी. ती टंग्रियनांच्या पहिल्या पलटणीची १८ मेची हजिरी आहे, तटाच्या कांहीं दशकें आधींची. एकूण असामी ७५२, पैकीं बाहेरगांवीं ४५६, त्यांत एकट्या कोरिया (कॉर्ब्रिज) येथें ३३७. ठाण्यांत हजर २९६. त्यांतून १५ आजारी, ६ जखमी, १० डोळे आलेले. कामास लायक राहिले २६५. आंकडे जुळतात, हें आम्ही मुद्दाम पडताळलें. असें असतां बराकी मोजून ‘येथें इतके शिपाई राहत’ असें जें लिहिलें जातें, त्यावर किती भरंवसा ठेवावा? चौदाव्या आवृत्तींत व्हिंडोलंडाची दखल आहे. परंतु ठाण्यांच्या आराखड्यांखालीं पलटणींची नांवें अजूनही सबंध तुकडी आंत झोंपलेली असावी अशा थाटानें येतात. पुढील संपादकांनीं निदान हाउसस्टेड्सच्या वर्णनांत तरी ही हजिरी समग्र छापावी.