पुनर्मुद्रांकित ग्रीक रौप्य नाणी : पुराव्याचे स्वरूप व मर्यादा

नाणकशास्त्रातील ज्या पुराव्यांस सहसा कोणी आव्हान देत नाही, त्यांत पुनर्मुद्रांकित नाण्यांची गणना होते. चलनातील एखादे नाणे न वितळविता, त्याचाच चकती म्हणून उपयोग करून त्यावर नवा ठसा उमटविला, म्हणजे असे नाणे तयार होते. घणाच्या आघाताने जुनी मुद्रा बहुतांशी दबून जाते. तथापि एखादे अक्षर, एखादा पंख अथवा वर्तुळाची कड नव्या चित्राखाली शिल्लक राहते. खालची मुद्रा आधीची व वरची नंतरची, एवढे त्यावरून निश्चित ठरते. परंतु प्राचीन ग्रीक रौप्य नाण्यांच्या विवेचनात हा कालक्रमाचा पुरावा हेतूचा पुरावा म्हणूनही वापरण्याची प्रवृत्ती दिसते. दुसऱ्याच्या नाण्यावर आपली मुद्रा उमटविणे म्हणजे त्याच्यावर विजय मिळविणे, असे समीकरण नकळत गृहीत धरले जाते. हे समीकरण कितपत टिकते, हे काही उदाहरणांच्या आधारे तपासणे आवश्यक आहे.

दक्षिण इटलीतील मेटापाँटम ह्या ग्रीक नगरीचे चिन्ह जवाचे कणीस हे होते. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील तिची अनेक नाणी कॉरिंथच्या नाण्यांवर उमटविलेली आहेत. सिडनी नो यांनी १९५७ साली दक्षिण इटलीतील अशा नाण्यांचा स्वतंत्र परामर्श घेतला. मेटापाँटमने कॉरिंथ जिंकले नव्हते, हे सर्वश्रुत आहे. कॉरिंथचे स्टेटर हे नाणे सुमारे ८.६ ग्रॅम, तर मेटापाँटमचे सुमारे ८ ग्रॅम वजनाचे होते. व्यापाराच्या ओघात आलेले परके नाणे अल्प श्रमात स्थानिक चलनात रूपांतरित करता येत असे. येथे टाकसाळीची सोय एवढाच हेतू संभवतो. वैराची अथवा विजयाची कल्पना करण्यास आधार नाही.

खालच्या मुद्रेचे वाचन हीही एक स्वतंत्र समस्या आहे. कॉरिंथच्या नाण्यावर पेगासस हा पंखधारी अश्व असतो व त्याच्या खाली कोप्पा हे अक्षर असते. आयोनियन वर्णमाला सर्वत्र रूढ झाल्यावर हे अक्षर लेखनातून लुप्त झाले व ९० ह्या संख्येचे चिन्ह म्हणून तेवढे उरले; कॉरिंथच्या नाण्यांवर मात्र ते नगरीच्या नावाचे आद्याक्षर म्हणून टिकून राहिले. पेगाससचीच मुद्रा ल्युकास, अँब्रॅशिया इत्यादी कॉरिंथच्या वसाहतींनीही स्वीकारली व कोप्पाच्या जागी आपापले आद्याक्षर घातले. तेव्हा केवळ पंख दिसतो व अक्षर दबून गेले आहे, अशा ठिकाणी ‘कॉरिंथ’ असा निर्णय देणे हे वाचन नसून अनुमान होय. हस्तलिखितातील पुसट अक्षर व संपादकाने सुचविलेला पाठ यांत जो भेद पाळला जातो, तोच येथेही पाळला पाहिजे.

क्रीट बेटाच्या बाबतीत ह्या पुराव्याचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही एकत्र पाहावयास मिळतात. जॉर्ज ल रीदेर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गॉर्टिन, फेस्टॉस आदी नगरींच्या नाण्यांचा कालक्रम पुनर्मुद्रांकन व नाणेनिधी यांच्या पायावर उभा केला. उत्तर आफ्रिकेतील किरेनीच्या नाण्यांवर उमटविलेली क्रीटची नाणी त्यांत विशेष महत्त्वाची ठरली. शैलीवरून केलेल्या कालनिर्णयापेक्षा ही पद्धती अधिक विश्वसनीय आहे, यात संशय नाही. परंतु किरेनीचे रुपे क्रीटमध्ये का आले, ह्या प्रश्नाचे उत्तर नाणे देत नाही. भाडोत्री सैनिकांच्या वेतनातून ते आले असावे, ही उपपत्ती संभाव्य आहे. पण तिचा आधार तत्कालीन लष्करी इतिहास हा आहे, वरचा ठसा नव्हे. शिवाय खालचे नाणे वरच्या मुद्रेच्या कालाची केवळ पूर्वमर्यादा सांगते. दोन मुद्रांमध्ये दोन वर्षांचे अंतर होते की चाळीस, हे झिजेवरून व अन्य नाण्यांच्या साहचर्यावरूनच ठरवावे लागते.

अथेन्सचे उदाहरण याहून बोलके आहे. जॉन क्रोल यांनी २०११ साली असे प्रतिपादन केले की, इ.स.पू. ३५३ मध्ये अथेन्सने आपलीच जुनी रौप्य नाणी परत मागविली व ती दुमडून, ठोकून पुन्हा छापली. त्या काळच्या कित्येक नाण्यांचा जाड व ओबडधोबड आकार ह्या मताला पुष्टी देतो. येथे घुबडाच्या जागी घुबडच आले. राज्य बदलले नाही, देवता बदलली नाही. क्रोल यांच्या मते ह्यामागे द्रव्यसंपादनाचा हेतू होता.

ह्या कसोटीवर महाराष्ट्रातील सुपरिचित निधीही तपासून पाहता येतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबी येथे नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे व ब्राह्मी लेख उमटविला होता. मूळ नाण्यांवर ग्रीक लिपीत प्राकृत लेख आहे, म्हणजे ग्रीक नाणकपरंपरेचाच हा दूरचा विस्तार होय. येथे विजय घडला हे खरे. परंतु त्याचे ज्ञान होते ते नाशिकच्या शिलालेखांतून. निव्वळ नाणी पाहिली तर गौतमीपुत्राची मुद्रा नंतरची, एवढेच सिद्ध होते. नहपान तेव्हा हयात होता की नाही, हे त्यांवरून ठरत नाही. एवढ्या मोठ्या संख्येने त्याची नाणी उपलब्ध होती, यावरून दोघांत दीर्घ काळ लोटला नसावा, असे अनुमान मात्र सयुक्तिक ठरते. उरलेली सुमारे ४,००० नाणी नव्या मुद्रेविनाच त्याच निधीत ठेवली गेली होती. तेव्हा जुने चलन संपूर्णपणे नष्ट करण्यात आले, असेही म्हणता येत नाही.

सारांश, पुनर्मुद्रांकनाची क्रिया एकच असली तरी तिची कारणे भिन्न आहेत. मेटापाँटममध्ये व्यापार, अथेन्समध्ये राजकोष व नाशिकच्या परिसरात सत्तांतर अशी तिची पार्श्वभूमी आढळते. म्हणून नाण्यांच्या सूचीत खालच्या मुद्रेचे दिसणारे अवशेष, त्यांवरून केलेली ओळख व त्या ओळखीवर उभारलेली ऐतिहासिक उपपत्ती ह्या तीन गोष्टी पृथक् नोंदविल्या जाणे अगत्याचे आहे. तसे झाल्यास पहिल्या नोंदीची निश्चितता तिसरीला अनायासे मिळणार नाही, आणि पुढील अभ्यासकास उपपत्ती नाकारूनही पुराव्याचा उपयोग करता येईल.