समूहनिर्णय आणि वर्तनबदल : लेविन यांचा सिद्धांत व मेंढा (लेखा)चा अनुभव

अध्यापक महाविद्यालयांत कुर्ट लेविन यांचा क्षेत्रसिद्धांत बहुधा जीवनावकाशाच्या आकृतीपुरता शिकविला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील त्यांचे समूहनिर्णयाचे प्रयोग त्यामुळे उपेक्षित राहतात. मांसटंचाईत अमेरिकन गृहिणींनी हृदय, गुर्दे असे नावडते पदार्थ रांधावेत, हा त्या प्रयोगांचा हेतू होता. व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी अवघ्या ३ टक्के, तर चर्चेअंती गटात निर्णय घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के गृहिणींनी ते रांधले. एकट्या व्यक्तीपेक्षा समूहाला बदलणे सुकर असते, हा लेविन यांचा निष्कर्ष.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. त्याचा अनुभव या निष्कर्षाला पुष्टी देतो, तसाच त्याची मर्यादाही उघड करतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागातून तेथे रुजलेल्या पद्धतीत अभ्यासगट केवळ चर्चा करतो. निर्णयाचा अधिकार ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. लेविन यांच्या गटात प्रश्न संशोधकाचा होता आणि इष्ट उत्तरही आधीच ठरलेले होते. गृहिणींनी हात तेवढे वर करावयाचे. त्या प्रयोगाला समूहनिर्णय म्हणण्यापेक्षा समूहसंमती म्हणणे अधिक रास्त ठरेल. मेंढ्यात प्रश्नही गावाचाच असतो. दारूबंदीचा निर्णय तेथे असाच झाला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर निर्णयाला प्रत्यक्ष सत्तेचा आधार लाभला. सत्तेचा हा घटक लेविन यांच्या मांडणीत जवळजवळ नाही.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. शिक्षा वर्तन दडपते, पुसत नाही, या स्किनर यांच्या मताचा दाखला म्हणून तिच्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु तिच्यामागे स्त्रियांचे दीर्घ आंदोलन होते, हे विसरून चालणार नाही. मागणी समूहाची होती. अंमलबजावणी मात्र पोलिसांकडे आणि बंदी ठेवण्या-उठविण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे राहिला.

मेंढ्याच्या अनुभवावरही एक आक्षेप संभवतो. गटाच्या एकमुखी मतापुढे व्यक्ती डोळ्यांना दिसणारे सत्यही नाकारते, हे सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ मध्ये दाखविले. मग सर्वसहमती हे अध्ययन की अनुरूपता? अ‍ॅश यांच्याच प्रयोगांत एक जरी साथीदार लाभला तरी दडपण झपाट्याने ओसरले होते. एकाच्या विरोधालाही निर्णय थांबविण्याचे बळ देणारी मेंढ्याची पद्धत या आक्षेपाला अंशतः उत्तर देते. अंशतःच, कारण जो सभेत बोलतच नाही, त्याचे मौन ती होकारातच मोजते.