हजेरी दोघांची घ्या

माझी धाकटी लेक कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. कापूस फुटला की मजूर मिळत नाही, मग घरचं माणूस वावरात लागतं. त्यात एसटीचा भरवसा नाही. "आबा, बस उनीच नही," म्हणत पोरगी कितीदा फाट्यावरून परत यायची. परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी साहेब म्हणाले, हजेरी ७५ टक्के भरत नाही. मी हात जोडले. "नियम म्हणजे नियम." पोरीचं वर्ष गेलं.

नियम वाईट नाही. वेळेवर पेरलं नाही तर काय होतं, हे मला कोणी सांगायला नको. पण यूजीसीचा दुसराही नियम आहे: वर्षात १८० दिवस शिकवणं झालं पाहिजे. लेकीच्या वह्या चाळल्या. ती हजर होती त्या दिवसांचीही कितीतरी पानं कोरी. "सर आलेच नव्हते, आबा." त्या गैरहजेरीचा फॉर्म कोणी अडवला?

१९९० साली जळगावला विद्यापीठ झालं, आपल्या पोरांचं पुण्याचं हेलपाटं वाचलं. २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. बाई शाळेत गेल्या नाहीत, वावरात राबल्या. म्हणून मी सूट मागत नाही. वेचणीत बुडालेले तास दिवाळीच्या सुट्टीत भरून घ्या, पोरं येतील. आणि हजेरी घ्यायची तर बाकाची घ्या, खुर्चीचीही घ्या.